रिकाम्या पोटी

शनिवारी संध्याकाळी पाच ते सात
छावणीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या वरच्या मजल्यावर
मी डिझाइन थिंकिंग शिकते.
वय एकोणपन्नास. काम : रक्त काढणं.
बाकी सगळी पोरं इंजिनिअरिंगची,
मला मावशी म्हणावं की मॅडम, हे त्यांचं अजून ठरायचंय.

निहारिका मुळ्ये शिकवतात. म्हणाल्या,
उत्तर राहू द्या. आधी प्रश्नाच्या घरी जाऊन या.
पिवळी चिकटपत्रं वाटली.
मी लिहिलं : खोली नंबर नऊ. रांग फार लांब.
भिंतीला चिकटवलं. पंख्याच्या वाऱ्यानं खाली पडलं.

घरी, कुकरची शिट्टी होईपर्यंत,
एआयला विचारलं : रांग कमी कशी करू?
त्यानं वीस उपाय दिले, श्वास न घेता.
ॲप, टोकन, पडद्यावर लाल आकडे.
चांगले होते.
एकातही कोणी उपाशी नव्हतं.

मग रजा टाकली, आणि सोमवारी
माझ्याच खोलीबाहेर जाऊन उभी राहिले, एप्रनशिवाय.
तेवीस वर्षांत त्या दाराची ही बाजू
कधी नीट पाहिलीच नव्हती.
रंग वेगळा आहे इकडून.

फाटकाशी पोह्यांची गाडी. वाफ थेट आत येते,
बडीशेप, जिरावन, वरून शेव,
आणि रात्रीपासून घास न घेतलेली साठ माणसं
त्या वासात उभी.
कुणी हलत नाही. हललं की नंबर गेला.
देपालपूरच्या गेंदाबाईनं चपला काढल्या,
रांगेत जोडून ठेवल्या,
"यो म्हारो नंबर हे," म्हणाली, आणि भिंतीशी टेकली.
मागचा पोरगा त्या चपलांमागे उभा राहिला,
हातभर अंतर ठेवून, थोरामोठ्यांमागे राहावं तसा.

हे सगळं एआयला लिहिलं. पोह्यांसकट.
या वेळी उपाय आला नाही. प्रश्न आला :
'सर्वांत आधी आलेला आणि सर्वांत जास्त वेळ उपाशी असलेला,
हा एकच माणूस असतो का?'
तिसरी शिट्टी झाली. चौथी. सहावी.
वरणाचा लगदा झाला.

नसतो. गेंदाबाई आदल्या दिवशी सहाला जेवली,
अंधारात बसची वाट पाहिली, पोचली आठला.
पलासियाचा माणूस रात्री अकराला रबडी खाऊन
स्कूटरवरून सव्वासातला हजर.

पहिला प्रयोग : मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले,
प्रत्येकाच्या हातात एक. काल किती वाजता जेवलात?
सगळं इंदूर पाचला जेवलं होतं.
एक जण तर परवापासून उपाशी.
मुळ्ये मॅडम खूश. लवकर फसलं, स्वस्तात फसलं, म्हणाल्या.
माझ्या हातून शीर हुकली तर असं कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या प्रयोगाला खडू पुरला.
फरशीवर चौकोन, चपलांपुरते.
आणि दोन बाकडी समोरासमोर,
कारण भिंतीकडे ऑक्सिजनची सिलिंडरं ठेवलेली.
समोरासमोर हे माझ्या डोक्यात नव्हतं. एआयच्याही नव्हतं.

गुरुवारी गेंदाबाई पुन्हा आली.
समोर कुणी बूटवाले साहेब.
"कौन सी बस से आईं, बाई?"
पुढचं ऐकू आलं नाही, मी शीर शोधत होते.
मान वर केली तर साहेब वाकलेले,
आपले बूट मागे घेत होते
आणि तिच्या चपला पुढच्या चौकोनात ठेवत होते.
पायानं सरकवून नाही. हातानं.
मग सॅनिटायझर मागायला माझ्याकडे आले.

आज सादरीकरण. माझ्याकडे स्लाइड नाही.
जिन्यातच फोनमधला फोटो एआयला दिला :
याला एक ओळ सुचव.
'मंदिराबाहेर काढून ठेवलेली पादत्राणे.'
नाही, मी लिहिलं. पॅथॉलॉजी. खोली नंबर नऊ.
त्यानं माफी मागितली. मग विचारलं,
'रांग दिसते आहे, पण माणसं कुठे आहेत?'

बसलीत, मी लिहिलं.